लिंदाल्वाच्या दुधातले जीव

लिंदाल्वाची बरणी मला नाव न वाचताच ओळखू यायची. कॉफीची काचेची बरणी, वर प्लास्टिकचं झाकण आणि आत गोठलेल्या दुधावर तीन बोटं पिवळी साय. बाकीच्या बायकांच्या बरणीत एक बोट साय दिसली तरी आम्ही खूश व्हायचो.

मी तेव्हा ब्राझीलच्या मारान्याँव राज्यात, बाळंतपणाच्या सरकारी हॉस्पिटलात दूधपेढीवर कामाला होते. आठवड्यातून दोनदा गाडी घेऊन नदीकाठच्या वस्त्यांवर जायचं आणि ज्यांना बाळाला पाजून दूध उरतं, त्यांच्याकडून ते गोळा करायचं. परत आलं की बरण्या गरम पाण्याच्या टाकीत बासष्ट-त्रेसष्ट अंशांवर अर्धा तास धरायच्या, मग बर्फाच्या पाण्यात थंड करायच्या. हे दूध काचेच्या पेट्यांत ठेवलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना जायचं, नळीतून, सिरिंजनं, एका वेळी दोन-तीन मिलिलिटर. माणसाचं बाळ तेवढ्यावर जगतं, हे मला पहिल्या वर्षी खरंच वाटत नव्हतं.

लिंदाल्वा पाल्मेइराल वस्तीवर राहायची, वय तेहेतीस. नवरा व्हाल्देसी नदीवर होडी चालवायचा, दोन मुलगे शाळेत होते, आणि धाकटी इरासी चार महिन्यांची. वस्तीतल्या सगळ्या बायकांसारखी तीही बाबासूच्या ताडाची फळं फोडायची. जमिनीवर बसायचं, कुऱ्हाडीचं पातं धार वर करून मांडीखाली दाबायचं, धारेवर फळ धरायचं आणि दुसऱ्या हातानं सोटा हाणायचा. बोटं वाचली तर आत तेलाच्या बिया सापडतात. लिंदाल्वाची दहाही बोटं शाबूत होती, आणि तिला त्याचा फार गर्व होता.

गाडी दिसली की तिची मैत्रीण एर्सिलिया लांबूनच ओरडायची, "आली बघ सरकारी गाडी धार काढायला! लिंदाल्वा, दावं लावून घे गं गळ्यात!"

"तू जळू नकोस," लिंदाल्वा सोटा न थांबवता म्हणायची. "तुझ्या दुधावर मांजराचं पिल्लूसुद्धा जगलं नसतं."

सगळ्या हसायच्या. एर्सिलियाही हसायची, पण एकदा मी बरणी बर्फाच्या पेटीत ठेवत असताना ती माझ्याजवळ आली. मला सगळे 'दोना', म्हणजे बाई, म्हणायचे. ती हळू म्हणाली, "दोना जासिरा, एक विचारू? हे तुम्ही तिकडं नेऊन तापवता ना? माझी आई सांगायची, आपलं दूध परक्या चुलीवर तापलं की काहीतरी वाईट होतं. कुणाचं ना कुणाचं होतंच."

"चूल नाही गं, टाकी आहे," मी म्हणाले.

"बरं. टाकी," ती म्हणाली आणि जाऊन आपल्या जागेवर बसली.

त्या वर्षी पाऊस डिसेंबरातच सुरू झाला आणि थांबेना. मारान्याँवमध्ये पावसाची आम्हाला सवय आहे, पण त्या वर्षी कपाटातल्या चपलांवर बुरशी आली, दाराच्या चौकटी फुगल्या, हॉस्पिटलच्या भिंतींना हात लावला तर तळवा ओला व्हायचा. छपरावर गिधाडं पंख पसरून ऊन शोधत बसायची. शिपाई दगड मारून हाकलायचा, ती उडून परत त्याच जागी यायची.

फेब्रुवारीत अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या खोलीत पोटं फुगायला लागली. हा आजार आम्हाला ठाऊक होता. बाळ चांगलं दूध घेत असतं, वजन चढत असतं, आणि एका सकाळी नळीतून हिरवं यायला लागतं. पोट ताणतं, कातडी चकाकते. मग आतडं आतून कुजत जातं. त्या एका महिन्यात चार बाळं गेली. पाचवं अजून पेटीत तग धरून होतं एवढंच.

त्याच दिवसांत राज्याच्या राजधानीहून डॉक्टर एव्हेराल्दो आले. तरुण, बारीक, सतत चष्मा पुसणारे. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणते. त्यांनी पहिल्याच दिवशी आमच्या टाकीसमोर उभं राहून मला समजावलं.

"दूध तापवता ते बरोबरच आहे. दुसरीच्या बाळाला द्यायचं तर तापवायलाच हवं. रोगाचे जंतू मरतात. पण आईच्या दुधात कामाचे जंतूही असतात, दोना जासिरा. ते बाळाच्या आतड्यात जाऊन वस्ती करतात, मग वाईटांना तिथं जागाच उरत नाही. तुमच्या टाकीत तेही मरतात."

"मग?"

"मग ते वेगळे काढायचे, वाढवायचे, वाळवून पूड करायची आणि तापवलेल्या दुधात परत घालायचे."

त्यांनी बावीस बायकांचं कच्चं दूध तपासलं. तीन आठवड्यांनी ते एक काचेची चपटी ताटली घेऊन धावतच पेढीत आले. ताटलीभर वाईट जंतूंचा पांढुरका थर पसरला होता. मधे एक टिकली होती, आणि तिच्याभोवती स्वच्छ, मोकळं कडं. तिथं वाईटाला पाऊल टाकता आलं नव्हतं.

"ही कुणाची बरणी?" त्यांनी विचारलं.

नंबर बघायची मला गरज नव्हती.

लिंदाल्वाला हॉस्पिटलात बोलावलं. ती नवी चप्पल घालून आली, इरासी कडेवर. डॉक्टरांनी तिला सूक्ष्मदर्शकावर वाकायला सांगितलं. मीही आधी पाहिलं होतं. जांभळ्या रंगाच्या बारीक काड्या, कुठं दोन, कुठं चार जोडलेल्या.

ती बराच वेळ वाकून राहिली. "हे माझ्यात आहेत?"

"तुमच्या दुधात."

"जिवंत?"

"हे रंगवलेले मेलेत. पण हो, जिवंत असतात."

"आणि शिरले कुठून? मी कुणाला बोलावलं नाही."

डॉक्टर हसले. "नक्की कुणी सांगू शकत नाही. पण बहुतेक तुम्हाला आईकडून मिळाले असतील, जन्मताना, दूध पिताना. तिला तिच्या आईकडून."

लिंदाल्वा सरळ उभी राहिली. इरासीला तिनं एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. "मी नऊ वर्षांची होते तेव्हा आई गेली," ती म्हणाली. "नदीनं घर नेलं. तिचा फोटो नाही, झगा नाही, कंगवासुद्धा नाही." मग ती परत वाकली आणि डोळा लावून बघत बसली.

दूध वापरायच्या संमतीचा कागद पुढं केला तेव्हा तिनं तो वाचला नाही. तीन पानं होती, बारीक अक्षर. तिला आपलं नाव लिहिता यायचं, ते तिनं हळूहळू, जीभ दातांत धरून लिहिलं.

मार्चच्या शेवटी एर्सिलियाची मुलगी मायारा अवेळी बाळंत झाली. अठरा वर्षांची पोर, सातव्या महिन्यात. बाळ अकराशे चाळीस ग्रॅमचं, मुलगा. बाप्तिस्म्याच्या वेळी मायाराला लिंदाल्वानंच हातात धरलं होतं, म्हणून ती तिला धर्ममाय म्हणायची. त्या धक्क्यात मायाराला दूधच उतरेना. पोर सकाळ-संध्याकाळ पंप लावून बसायची, तळाला ओलसुद्धा यायची नाही, आणि मग ती रडायची.

डॉक्टरांची पूड तोवर तयार होत आली होती. सहा बाळांना देऊन बघायचं ठरलं, आणि मायाराच्या बाळाचं नाव यादीत होतं. संमतीचा कागद तिच्यापुढं आला तेव्हा एर्सिलिया दारातच उभी होती, हात कमरेवर.

"सही करायची नाही," ती म्हणाली. "माझा नातू काय उंदीर आहे?"

मायारा तिला भेटायला आलेल्या लिंदाल्वाकडं बघायला लागली. "धर्ममाय, तू सांग ना. तू म्हणशील ते करते."

लिंदाल्वानं खाटेवर तिच्याशेजारी बसून तिचे केस मागं घेतले. "अगं, त्यात परकं काय आहे? माझ्याच दुधातलं आहे ते. तीन पोरं वाढली माझी त्यावर, एकाला कधी हगवण लागली नाही. तुझ्या आईनं पाहिलंय." मग एर्सिलियाकडं वळून, "पाहिलंयस की नाही?"

"पाहिलंय," एर्सिलिया नाइलाजानं म्हणाली.

"मग माझं दूध तुझ्या नातवाला वाईट करेल का गं?"

एर्सिलियानं कमरेवरचे हात खाली घेतले. मायारानं सही केली.

पुडीचं खोकं राजधानीहून बसनं आलं. रस्त्यावर दोन ठिकाणी पाणी होतं, बस अकरा तास अडकली होती. खोक्याचा एक कोपरा मऊ पडला होता. मी ते पेढीतच उघडलं. चाळीस लहान पाकिटं होती, चांदीच्या रंगाची. पाकिटात फक्त ते जंतू नसतात, त्यांना धरून ठेवायला पीठ घालतात, कसलंसं स्टार्च. मी पाकिटं मोजत होते तेव्हा एक हाताला जड लागलं. कापून बघितलं तर आत गुठळी, आणि गुठळीच्या एका बाजूला करडी छटा. वासही आला, आमच्या कपाटातल्या चपलांसारखा.

मी डॉक्टरांना फोन लावला. ते राजधानीत होते.

"एकच आहे?" त्यांनी विचारलं.

"उघडलेलं एकच."

"वाटेत ओल लागली असेल. ते टाकून द्या. बाकीची बघून घ्या, कोरडी असतील ती वापरा. दोना जासिरा, आज सुरू करायचंय, उशीर नको. परवा अजून एक पोट फुगलंय तिथं, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

ठाऊक होतं. मी बाकीची पाकिटं बोटांनी चाचपली. कोरडी लागली. मी ती खोली-प्रमुख नर्सकडं दिली आणि गुठळीबद्दल तिला बोलले नाही. का बोलले नाही, त्याचं उत्तर मी स्वतःला बऱ्याच प्रकारांनी दिलंय. डॉक्टरांना सांगितलं होतं, हे एक. पोटं फुगत होती, हे दुसरं. तिसरं असं की मी दूधपेढीतली साधी मदतनीस, आणि मला वाटायचं की बघणारी माझ्यापेक्षा मोठी माणसं आहेत.

पहिले पाच दिवस सगळ्यांचे चेहरे उजळले होते. सहाही बाळांची पोटं मऊ. मायाराचा मुलगा तर दूध पचवून वर साठ ग्रॅम वाढला. एर्सिलियानं वस्तीवरून आमच्यासाठी बाबासूच्या पिठाचा केक पाठवला. लिंदाल्वा बरणी द्यायला आली की काचेबाहेर उभी राहून आत बोट दाखवायची आणि इरासीच्या कानात काहीतरी सांगायची.

सहाव्या दिवशी मायाराच्या बाळानं दूध परत काढलं. सातव्या दिवशी पोट ताणलं. आम्ही सगळ्यांनी हा आजार पाहिलेला होता, त्यामुळं आधी कुणाला वेगळं काही वाटलं नाही. पण आठव्या दिवशी सकाळी बेंबीच्या डाव्या बाजूला एक काळा डाग आला, बटणाएवढा. दुपारपर्यंत तो अर्ध्या पोटावर पसरला. असा डाग आम्ही कुणीच पाहिला नव्हता. शस्त्रक्रिया करणारे सर्जन नव्वद किलोमीटरवर, आणि नदीनं पुलाच्या अलीकडचा रस्ता कापला होता. व्हाल्देसी म्हणाला, मी होडीनं नेतो. पेटी होडीत कशी घालायची याचा विचार चालू असतानाच बाळ गेलं.

त्याला मायाराच्या ओंजळीत दिलं तेव्हा ती म्हणाली, "थंड पडेल, काहीतरी पांघरा." एवढंच.

पूड लगेच बंद केली. दुसरं एक बाळ आजारी पडलं, पण वाचलं. बाकीच्यांना काही झालं नाही. पण हॉस्पिटलातून बाहेर जे गेलं ते असं नाही गेलं. बाहेर गेलं ते तीन शब्दांत: लिंदाल्वाच्या दुधानं मारलं.

पुढच्या मंगळवारी मी गाडी घेऊन निघाले. पहिल्या वस्तीवर दार उघडलंच नाही. दुसऱ्या वस्तीवर एका पोरीनं दारातूनच सांगितलं, "आई म्हणते, दूध संपलं." आतून बाळाच्या चोखण्याचा आवाज येत होता. तिसऱ्या वस्तीवर एका म्हाताऱ्यानं गाडीपुढं थुंकून वाट अडवली. त्या दिवशी मी रिकामी पेटी घेऊन परतले. पेढीच्या फ्रीजरमध्ये अकरा बरण्या उरल्या होत्या आणि खोलीत नऊ बाळं.

त्या दिवशी शेवटची वस्ती पाल्मेइराल. ताडाखाली बायका बसल्या होत्या, सोटे चालू होते. लिंदाल्वा एका टोकाला, आणि तिच्या दोन्ही बाजूंना चार-चार हात मोकळी जमीन. एर्सिलिया तिच्यासमोर उभी होती. मी गाडीतून उतरले तेव्हा तिचं बोलणं मधेच होतं.

"...मी नाही म्हणत होते. दारात उभी राहून नाही म्हणत होते. तू माझ्या तोंडून 'पाहिलंय' वदवून घेतलंस."

"एर्सिलिया, मला काय ठाऊक होतं?"

"तुला काहीच ठाऊक नव्हतं तर बोललीस कशाला? त्या काचेत डोळा घातलास आणि डॉक्टरीण झालीस!" तिचा आवाज चिरकला. "पोरगी माझी भिंतीकडं तोंड करून पडलीय. मला तुझं थोबाड दिसायला नको. उद्यापासून दुसऱ्या ताडाखाली बस."

लिंदाल्वानं मांडीखालचं पातं काढलं, फडक्यात गुंडाळलं आणि उठली. माझ्याजवळून जाताना तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

त्यानंतर दोन आठवडे मी तिकडं गेले नाही. मला भीती वाटत होती. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करणारी सेउमा नावाची मुलगी होती. तिनं उरलेली पाकिटं आपणहून तपासली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. एका दुपारी तिनं मला आत बोलावून दार लावलं आणि दोन बंद ताटल्या पुढं ठेवल्या. एकीत लहान पांढऱ्या टिकल्या. दुसरीत करड्या केसांचा पुंजका, उंदराच्या पाठीसारखा, झाकणाला टेकलेला.

"ही बुरशी पिठात होती," ती म्हणाली. "चार पाकिटांत. आणि बाळ गेल्यावर त्याच्या पोटातला तुकडा तपासायला काढला होता, त्यातही हीच सापडली. त्या बाईच्या जंतूंचा यात काही संबंध नाही. ते तर बिचारे तिथं बसलेत, टिकल्या होऊन."

"मग हे सांगितलं का नाही कुणाला?"

"सांगितलं. वरून उत्तर आलं, राजधानीचा अहवाल येईपर्यंत तोंड बंद. अहवाल दोन महिन्यांनी येईल म्हणे." तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. "दोना जासिरा, तुम्ही पांढऱ्या का पडलात?"

त्याच दिवशी व्हाल्देसी पेढीत आला. टोपी हातात, अंगावरून पाणी गळतंय. याआधी तो पेढीत कधी आला नव्हता.

"दोना जासिरा, ती पाजत नाही," तो म्हणाला.

"कोण?"

"माझी बायको. पोरीला पाजत नाही. म्हणते, माझ्यात मारणारं काहीतरी आहे. छातीला चादर फाडून पट्टे आवळलेत. अंगात ताप आहे. पोरीला तांदळाची पेज देतो मी, पण विहिरीत पुराचं पाणी शिरलंय, आणि आज तीन दिवस पोरगी पाण्यासारखी हगतेय. मी काय करू? तिला तुम्ही सांगा. तुमचं ती ऐकते."

मी सेउमाकडं गेले. दोन्ही ताटल्या चिकटपट्टीनं चहूबाजूंनी बंद करून, पिशवीत पिशवी घालून तिनं माझ्या हातात दिल्या. "माझं नाव घेऊ नका" असं ती म्हणाली नाही, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं.

व्हाल्देसीच्या होडीतून आम्ही गेलो. पाणी कुंपणांवरून वाहत होतं, मेलेलं एक वासरू झाडाच्या फांदीत अडकलं होतं. वाटेत मी त्याला म्हणाले, "एर्सिलियाच्या घरापाशी थांबव."

"ती येणार नाही."

"थांबव तर खरं."

एर्सिलिया आली. पण माझ्यासाठी नाही. पोरगी तीन दिवस आजारी आहे हे तिला ठाऊक नव्हतं. ते ऐकल्यावर तिनं मीठ-साखरेचं पाणी करायला उकळलेल्या पाण्याची किटली उचलली आणि होडीत बसली.

लिंदाल्वाच्या घरात दिवसाउजेडीही अंधार होता. ती छताला टांगलेल्या झोळीत पडली होती, ओठ सुकलेले, छातीवर पट्टे. शेजारी दुसऱ्या झोळीत इरासी. माझी नजर आधी तिच्या टाळूकडं गेली. खड्डा पडला होता. डोळे अर्धे उघडे, रडायचंही त्राण नव्हतं. एर्सिलिया थेट तिच्याकडं गेली आणि चमच्यानं पाणी पाजू लागली.

मी मधोमध जमिनीवर बसले आणि ताटल्या काढल्या.

"लिंदाल्वा, हे बघ. ही तुझी." मी टिकल्यांची ताटली तिच्या चेहऱ्यापाशी धरली. "आणि ज्यानं बाळ मारलं ते हे. बुरशी. पिठात होती, पाकिटात. तुझ्यात नव्हती. तुझ्यात कधीच नव्हती."

ती कोपरावर उठली. करड्या पुंजक्याकडं बघत राहिली. "हे पाकिटात कसं आलं?"

"ओल लागली. घाई झाली. नीट बंद केलं नव्हतं."

"कुणाला दिसलं नाही?"

त्या प्रश्नाचं उत्तर टाळायला माझ्याकडं भरपूर वाटा होत्या. पण एर्सिलियाच्या हातातला चमचा थांबला होता आणि व्हाल्देसी दारात उभा होता.

"मला दिसलं होतं," मी म्हणाले. "एक पाकीट खराब होतं. मी डॉक्टरला सांगितलं, ते म्हणाले टाकून द्या. मी टाकलं. बाकीची दिली. नर्सला सांगितलं नाही."

मग एर्सिलिया उठली, माझ्यासमोर आली, आणि तिनं माझ्या तोंडात मारली. उलट्या हातानं. ती फळं फोडणारी बाई. माझा ओठ फुटला. मारून ती परत इरासीजवळ जाऊन बसली आणि चमचा उचलला.

लिंदाल्वा पट्टे सोडायला लागली. गाठी ओल्या होऊन घट्ट बसल्या होत्या, व्हाल्देसीनं सुरीनं कापल्या. उजवी बाजू लाल, दगडासारखी, तापलेली. डावी सैल पडली होती. तिनं इरासीला उजवीकडं लावलं. पोरीला जोर नव्हता. चार वेळा तोंड सुटलं. पाचव्यांदा तिनं धरलं, आणि लिंदाल्वानं झोळीची दोरी अशी आवळली की मला वाटलं तुटते. दुधात रक्त मिसळून पोरीच्या गालावर ओघळ आला. एर्सिलियानं तो पुसला.

त्या दोघींना आम्ही होडीनं हॉस्पिटलात आणलं. इरासीला चार दिवस सलाइन लागलं. जगली. पण बराच काळ ती आपल्या वयापेक्षा लहान दिसायची, आणि लिंदाल्वाची डावी बाजू परत कधी भरली नाही.

मी जे पाकिटाबद्दल बोलले ते मी पुढं हॉस्पिटलात झालेल्या चौकशीतही बोलले, सेउमाच्या ताटल्यांसकट. मला दूधपेढीतून काढून धुलाईखान्यात पाठवलं. तिथं मी निवृत्त होईपर्यंत चादरी उकळल्या. डॉक्टर एव्हेराल्दोंचा प्रयोग बंद झाला. त्यांनी मायाराच्या घरी येऊन माफी मागितली असं म्हणतात. मायारानं दार उघडलं की नाही याबद्दल दोन गोष्टी सांगितल्या जातात, मी तिला कधी विचारलं नाही. अहवाल आला तेव्हा त्यात बुरशीचं नाव होतं, पिठाचं नाव होतं, आणि लिंदाल्वाचं नाव कुठंच नव्हतं. तो वाचून दाखवायला वस्तीवर कुणी गेलं नाही. पेढीतल्या बरण्या एकदा दोनपर्यंत खाली गेल्या. नव्या बायका यायला वर्ष लागलं. त्या वर्षात किती बाळांना डब्याची पावडर द्यावी लागली आणि त्यातल्या किती जणांची पोटं फुगली, हे नर्सबाईंना ठाऊक आहे.

एर्सिलिया लिंदाल्वाशी बोलायला लागली, कामापुरतं. पण बसायची वेगळ्या ताडाखाली.

ऑगस्टात, रस्ते कोरडे झाल्यावर, लिंदाल्वा माझ्याकडं आली. "दोना जासिरा, माझ्याबरोबर राजधानीला चला. मला तिकडं बोलता येणार नाही."

"कशाला?"

"माझे जीव परत आणायचेत."

मी तिला समजावलं नाही. मला कुणाला समजावायचा हक्क उरला नव्हता. आम्ही बसनं गेलो, इरासी तिच्या कडेवर. प्रयोगशाळेच्या लांब व्हरांड्यात लाकडी बाकावर सकाळपासून बसलो. अखेर एक वयस्क बाई आली, पांढरा कोट, बोलायला सौम्य. तिनं आम्हाला आत नेऊन एक उंच फ्रीजर उघडला. वाफ बाहेर आली. आत नळ्यांचे खण होते, शेकडो.

"कुठली?" लिंदाल्वानं विचारलं.

बाईनं रजिस्टर बघून एक खण ओढला. बोटभर लांबीच्या चार नळ्या, वर आकडे आणि अक्षरं.

"यावर माझं नाव नाही."

"नाव लिहीत नाही आम्ही. नियम आहे. तुमच्याच भल्यासाठी."

"या मला द्या."

"देता येत नाही, बाई. तुम्ही सही केलीय." तिनं तीन पानांचा तो कागद काढून दाखवला. दुसऱ्या पानावर, मधे कुठंतरी, ते होतं. मी ते वाचून दाखवलं. लिंदाल्वानं ऐकून घेतलं.

"मग फेकून द्या. माझ्यासमोर."

बाई जरा घुटमळली. "या फेकल्या तरी काही होणार नाही. मेमध्येच दुसऱ्या तीन ठिकाणी पाठवल्यात. एक आपल्याच दक्षिणेत, दोन परदेशी. तिथं त्यांनी वाढवल्या असतील. जंतू चांगला आहे, म्हणून मागणी आहे. दोष जंतूचा नव्हता ना."

"तिथं ते काय खातात?"

"काय?... साखर. दुधाची पूड. काही क्षार."

"आणि किती झाले असतील आता?"

बाई हसणार होती, पण लिंदाल्वाचा चेहरा बघून थांबली. "ते सांगता येत नाही. एका दिवसात एकाचे लाखो होतात."

लिंदाल्वानं फ्रीजरच्या दाराला हात लावला आणि बर्फ चावला तसा मागं घेतला. मग आम्ही निघालो. बसमध्ये ती खिडकीपाशी बसली. बाहेर जाळलेली शेतं होती, धूर रस्त्यावर उतरला होता, ड्रायव्हरनं भर दुपारी दिवे लावले होते. तास-दीड तासानं ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "परत कुठं कुणाचं बाळ काळं पडलं, तर मला कळवतील का हो?"

मी म्हणाले, नाही कळवणार.

तिनं मान हलवली, इरासीला उजवीकडं घेतलं आणि पदरासारखा टॉवेल वर ओढला.